रांग सहा, पूर्वेकडून आठवी

भेरूलालनं मोटारसायकलला बांधलेलं गोणपाट सोडून आतून ऊस काढला, तेव्हाच सुहासनं ओळखलं. शेंडा वाळलेला. तिसरं-चौथं पान कडेनं पिवळं पडून लोंबत होतं. एकतीस वर्षं ऊस बघितलेल्या माणसाला आणखी काही बघायची गरज नसते. तरी सुहासनं तो उलटापालटा करून बघितला, कारण बघत होता तोवर बोलावं लागणार नव्हतं.

"बाबूजी, यो कंई हुयो?" भेरूलाल म्हणाला. नरवरकडचा बडा शेतकरी, दारात दोन ट्रॅक्टर, गावात शब्दाला मान, एरवी केंद्रात आला की चहा मागून घेणारा आणि वर चहा पाणचट आहे म्हणून सांगणारा माणूस. आज चहाचं नावही काढलं नाही. "पहले सोचा, पानी का असर है. नाले के पास की जमीन, भादों में पानी भर गया था. अब तो आधा खेत ऐसा ही है."

सुहासनं फाटकाजवळच्या ओट्यावर ऊस आडवा ठेवला आणि कोयत्यानं उभा चिरला. आतून लाल. लालीत मध्येमध्ये आडवे पांढरे पट्टे. आणि वास आंबलेल्या दारूसारखा. लाल कूज. उसाचा कॅन्सर म्हणतात तिला, आणि उगीच नाही म्हणत. एकदा शिरली की औषध नाही. बेण्याबरोबर, म्हणजे लावणीसाठी तोडलेल्या कांड्यांबरोबर, ती या शेतातून त्या शेतात जाते.

"कौन सा है ये?" सुहासनं विचारलं. उत्तर माहीत होतं तरी विचारलं.

"कौन सा क्या? आपका ही है, ट्रायल को दिया था. एक सौ आठ." भेरूलालनं डोक्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं. "मेरे को बस एक बात बता दो. माघ में ग्यारह रिश्तेदारों को इसका बीज देने की जबान दी है. दूँ के नहीं दूँ?"

"बुधवारपर्यंत थांबा," सुहास म्हणाला. घाईत मराठीतच बोलला. मग हिंदीत पुन्हा सांगितलं. भेरूलाल चिरलेला ऊस तिथेच टाकून, गाडीला किक मारून निघून गेला.

आता कुणी म्हणेल, ऊस आहे, रोग पडायचाच, त्यात एवढं हातपाय गाळण्यासारखं काय? त्यानं जरा ऐकून घ्यावं.

देवास रोडवर उज्जैनपासून थोडं बाहेर हे ऊस पैदास केंद्र. छोटंसं. पंचवीस एकर काळी जमीन, दोन बोअर, एक लांबलचक कौलारू ऑफिस. काम एकच, जास्त साखरेचा ऊस तयार करायचा. ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडच्या हवेत उसाला धड तुरा येत नाही, म्हणून संकराचं बी दक्षिणेतून, कोइमतूरहून यायचं. कापसाच्या धुळीसारखं बी, शिंक आली तर वर्षाची मेहनत उडून जाईल. त्यातून हजारो रोपं करायची, त्यातली शेकड्यानं फेकायची, उरलेली पुन्हा लावायची, पुन्हा फेकायची. दहा-बारा वर्षं असं फेकत फेकत गेल्यावर हातात एखादं वाण उरतं. कधी तेही उरत नाही.

डॉक्टर वासंती बक्षी इथल्या मुख्य शास्त्रज्ञ, सुहास त्यांचा शेतावरचा सहायक. पणजोबा शिंद्यांच्या दप्तरात होते, तेव्हापासून घराणं उज्जैनचं. बाई फ्रीगंजात वाढल्या, फ्रीगंजातच राहतात, आणि रागावल्या की अर्ध्या हिंदीत रागावतात. दोन हजार अकरा साली बियाचा डबा त्यांनी रेल्वेच्या सामानात टाकला नाही, मांडीवर घेऊन आल्या. त्या डब्यातून निघालेला एकशे आठ नंबर. नोव्हेंबरात, जेव्हा इतर उसांचा रस अठराच्या पुढे सरकत नाही, तेव्हा ह्याचा बावीस. रसातली गोडी मोजायची जी दुर्बिणीसारखी नळी असते तिच्यात सुहासनं पहिल्यांदा बावीस बघितलं, तेव्हा नळी बिघडली असं समजून धुऊन पुसून पुन्हा बघितलं होतं. आणि एवढी गोडी असून लाल कुजीला दाद न देणारा! गोड ऊस नाजूक असतो आणि दणकट ऊस बेताचा गोड, असं आजवर बघितलेलं. ह्याच्यात दोन्ही. मॅडम त्याचं नाव घेताना आवाज खाली आणायच्या, दृष्ट लागेल म्हणून.

बुधवारी वाणांची समिती येणार होती. तिनं मान डोलावली की फेब्रुवारीत चारशे शेतकऱ्यांना एकशे आठचं बेणं जाणार. आणि डिसेंबरअखेर मॅडम रिटायर. तेरा वर्षांचं काम, एका सहीवर आलेलं. आज शनिवार होता.

कागदावर एकशे आठ रोगाला दाद देत नव्हता. मग ओट्यावर पडलेला हा लाल ऊस कुठून आला? रोगाची परीक्षा झाली ती दोन हजार सोळा साली. मुद्दाम रोग टोचून बघायचा एक वेगळा प्लॉट असतो, त्यात. एकोणीस साली ती पुन्हा करायची होती, पण बोअर आटला, प्लॉट वाळून गेला, आणि जुनाच निकाल पुढे चालवला गेला. म्हणजे सगळी भिस्त सोळा सालावर. आणि सोळा साली त्या परीक्षेसाठी मूळ प्लॉटातलं बेणं कुणी तोडलं होतं, हे सुहासला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो रेकॉर्डच्या खोलीत गेला. धुळीनं शिंका येत होत्या. सोळा सालची फेब्रुवारीची वही सापडली, आणि पान उघडलं तर वरच त्याच्या स्वतःच्या अक्षरात ओळ होती. रोज प्लॉटात शिरण्याआधी हवा-पाणी लिहायची त्याची सवय. ओळ अशी: "पाइप फुटला. पश्चिमेला गुडघाभर चिखल. सर्व रांगा पूर्वेकडून घेतल्या."

सुहास खुर्चीत बसला.

इथे केंद्राची एक पद्धत सांगायला हवी. प्लॉटचे नंबर नागमोडी असतात. पहिली रांग पूर्वेकडून सुरू होते, एक ते वीस. तिथेच वळायचं, म्हणजे दुसरी रांग पश्चिमेकडून एकवीस ते चाळीस. तिसरी पुन्हा पूर्वेकडून. बैल नांगर वळवतो तसं. माणसाची चाल वाचते. पण त्यात चुकायला एक क्षण पुरतो, म्हणून मॅडमनी पहिल्याच वर्षी नियम केला होता: एकट्यानं बेणं तोडायचं नाही. एकानं प्लॉटात उभं राहून हाक द्यायची, "रांग अमकी, अमक्या बाजूनं अमकी." दुसऱ्यानं बांधावर बसून नकाशावर बोट फिरवत ओ द्यायची, फक्त नंबर. दोघांचं जुळलं की मगच पत्र्याचा बिल्ला बांधायचा. केंद्रात याला 'हाक-ओ' म्हणत. मॅडम आणि सुहास मराठीत करायचे म्हणून सगळे मराठीतच करायला शिकले. बुंदेलखंडातून आलेला चौकीदारसुद्धा "पूर्वेकडून" म्हणायचा. वहीत पानाच्या खाली दोन सह्या. पहिला आवाज, दुसरा आवाज.

त्या दिवशी मॅडम प्लॉटावर आल्या होत्या खऱ्या. पण त्यांचे मिस्टर आठवड्यापासून आयसीयूत होते, आणि बांधावर बसल्या बसल्या मॅडमचा फोन वाजला. त्यांचा चेहरा बघून सुहासच म्हणाला, "तुम्ही जा, मॅडम. हाकही मी देतो, ओही मीच देतो." मॅडम घुटमळल्या. सुहासनं जवळजवळ हाताला धरून त्यांना गाडीत बसवलं. त्याला अजून आठवत होतं, तेव्हा त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि त्यानं खरंच दोन्ही आवाज दिले होते, बरं का. रिकाम्या प्लॉटात, मोठ्यानं. "रांग सहा, पूर्वेकडून आठवी!" आणि आपणच आपल्याला, "एकशे आठ!" नकाशा होता काखेत. हातात बिल्ल्यांची ओळीनं लावलेली तार, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. सहावी रांग पश्चिमेकडून मोजायची असते. तिकडे चिखल, म्हणून हा पूर्वेकडून शिरला. हाक बरोबर दिली आणि ओ मात्र नकाशाला न विचारता हातातल्या बिल्ल्याला विचारून दिली.

पूर्वेकडून आठवा ऊस एकशे आठ नव्हता. एकशे तेरा होता.

असं सगळ्या सम रांगांचं झालं असणार. बाकीचे नंबर पुढे कधीच गेले नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण एकशे आठच्या नावावर रोगाची परीक्षा पास झाला तो एकशे तेरा. नंतर गोडी मोजली, बेणं वाढवलं, ते सगळं मॅडमबरोबर, नीट हाक-ओ करून, खऱ्या एकशे आठचं. आणि खऱ्या एकशे आठला रोग झाला, तो निकाल लागला एकशे तेराच्या कपाळी. पुढच्या वर्षी सुहासनंच एकशे तेरा उपटून जाळला होता. रोगट म्हणून.

दुपार झाली. सुहास वही पुढ्यात घेऊन बसून होता. पान शिवणीपाशी सैल झालेलं. जरा ओढलं तर हातात आलं असतं. पावणेनऊ वर्षांपूर्वीच्या चिखलाची साक्ष देणारी जगात एवढी एकच ओळ. कोण विचारणार? भेरूलालच्या शेतात पाणी साचलं होतं, पाण्यावर ढकलता आलं असतं. त्यानं खरंच पानाला हात लावला. मग भीती वाटली, कुणाची ते त्यालाच कळलं नाही, आणि वही त्यानं डब्याच्या पिशवीत घातली.

घरी बायकोनं, जयूनं, पिशवीतून डबा काढताना वही काढली. "हे काय आणलंत? आता घरीही ऊस?"

सुहासनं सगळं सांगितलं. जयू ओट्याशी उभी होती. गॅस बंद करून समोर येऊन बसली. सुहासला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या, मोठ्या लोकांचं मोठे लोक बघतील. तेवढंच ऐकायला तो तळमळत होता.

"मॅडमना कधी सांगणार?" जयू म्हणाली.

"अगं, डिसेंबरात रिटायर होतायत त्या. नवरा गेला तेव्हा बाराव्या दिवशी कामावर आल्या, का, तर एकशे आठला पाणी द्यायचं होतं. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? आपल्या राजसच्या अॅडमिशनला त्या स्वतः कॉलेजात आल्या होत्या. विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणूनच विचारतेय."

"आणि खाली त्यांची सही आहे. दुसरा आवाज म्हणून. मीच दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वही नेऊन सही घेतली. चौकशी झाली तर त्या अडकतील, मी नाही."

"तुम्हाला मी सांगावं असं वाटतंय की गप्प बसा," जयू म्हणाली. "मी नाही सांगणार. ग्यारह घरांत जाणार ते बेणं. आणि मग चारशे. आयुष्यभर मी तुमच्या तोंडाकडे बघायचं आणि आठवायचं? नको बाई. तुमचं तुम्ही निस्तरा." एवढं बोलून ती उठली, आणि रविवारचा सबंध दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली.

सोमवारी सकाळी सुहास फ्रीगंजात मॅडमच्या घरी गेला. टावर चौकाच्या मागची गल्ली, खाली चष्म्याचं दुकान, वर घर. मॅडमनी दार उघडलं. टेबलावर लॅपटॉप, शेजारी बुधवारच्या भाषणाचे कागद.

"अरे वा, सुहास! बसा. पोहे आहेत, शेव घालून देते. बघा जरा, हा फोटो पहिला घेऊ की नळीतल्या बावीसचा?"

"मॅडम, सोळा साली रोगाच्या प्लॉटासाठीचं बेणं मी एकट्यानं तोडलं होतं."

"हो. मग?"

त्यानं भेरूलालचं सांगितलं. चिरलेल्या उसाचा फोटो दाखवला. वही उघडून समोर ठेवली, शेजारी नकाशा पसरला. मॅडमनी चष्मा लावला. ओळ वाचली. नकाशावर सहाव्या रांगेच्या पूर्वेकडच्या टोकाला बोट ठेवलं आणि हळूहळू आत सरकवायला लागल्या. "एकशे वीस. एकोणीस. अठरा. सतरा. सोळा. पंधरा. चौदा." बोट थांबलं. आठवा आकडा त्यांनी उच्चारला नाही.

खालच्या गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. बराच वेळ वाजवत होतं.

"एकट्यानं कशाला केलंत?" मॅडम एकदम ओरडल्या. "एक दिवस थांबला असतात तर ऊस कुठे भागा जा रहा था? नियम काय शोभेला केला होता मी?"

"साहेब आयसीयूत होते, मॅडम. मला वाटलं..."

"मला माहीत आहे माझा नवरा कुठे होता! कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझ्यावर उपकार करायला?"

सुहासनं मान खाली घातली. तो चाळिशीत असताना त्या त्याच्यावर ओरडल्या होत्या, पन्नाशीतही ओरडल्या होत्या, पण हे तसलं ओरडणं नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि साठीला आलेल्या माणसानं दुसऱ्याच्या घरी रडणं बरं दिसत नाही, म्हणून तो जमिनीवरच्या फरशा मोजत राहिला.

"आणि ही सही माझी," मॅडम जरा वेळानं म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "बघितलंसुद्धा नाही मी. दवाखान्याच्या बाकावर, तुमच्याच पेनानं केली."

"मीच म्हणालो होतो, करा म्हणून."

"तुम्ही म्हणालात म्हणून मी केली, हे कुणाला सांगू?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे असा ऊस नव्हताच कधी. गोडी एकाची, तब्येत दुसऱ्याची, आणि नंबर एक. एका रांगेतल्या दोन उसांना एका नावानं हाक मारत बसले मी, आठ वर्षं. आणि वर म्हणत होते, बघा, निसर्गानं अपवाद केला." त्या हसल्या, आणि ते हसू बघून सुहासला आणखी वाईट वाटलं. "एकशे तेराचं काय केलं आपण?"

"सतरा साली उपटून जाळला, मॅडम."

"एखादं बेट? कुठे कोपऱ्यात? कुणी घरी नेऊन लावला असेल?"

"नाही, मॅडम. रोगट म्हणून मुळं खणून जाळला. मीच जाळला."

मॅडमनी मान हलवली. पोहे तसेच गार झाले होते.

"काय करायचं, मॅडम?" सुहासनं विचारलं.

"मला विचारू नका. मला आत्ता सरळ विचार करता येत नाहीये, आणि वाकडा करायची भीती वाटतेय." त्यांनी वही मिटली. "ही राहू द्या इथे. बुधवारी नेहमीसारखे ऊस घेऊन या. समितीला चाखायला लागतात."

मंगळवारचा दिवस सुहासनं कसा काढला ते विचारू नका. मॅडम ऑफिसात आल्या, सगळ्यांशी नीट बोलल्या, खुर्च्यांना पांढरे कपडे घालून घेतले, समितीच्या जेवणात दाल-बाफले ठरवले. सुहासशी एक शब्द नाही. तो दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आला. त्या बोलणार? की गप्प राहणार? आणि गप्प राहिल्या तर आपण बोलणार आहोत का? बोललो तर मॅडमची वही, मॅडमची सही, आपण उघड्यावर आणायची. एकतीस वर्षांत त्यानं त्यांच्या आधी कधी तोंड उघडलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना भेरूलालचा फोन आला. सुहासनं उचलला नाही, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

बुधवारी सकाळी समितीचे पाच जण आले. सुहासनं पहाटेच्या थंडीत एकशे आठ तोडला होता, निरोगी, मजबूत, जांभळट सालीचा. सोलून छोटे तुकडे, गंडेऱ्या, करून ताटात मांडल्या. हॉलच्या दाराशी मॅडम उभ्या होत्या, बदामी साडी, केस चापून बसवलेले. त्यांनी काही न बोलता वही त्याच्या हातात दिली आणि आत गेल्या. सुहासनं उघडून बघितली. पान जागेवर होतं. सहीही तशीच होती.

मग भाषण झालं. फोटो झाले, आकडे झाले. नळीतलं बावीस पडद्यावर आलं तेव्हा एकानं टाळी वाजवली. ताट फिरलं. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे भले गृहस्थ. त्यांनी गंडेरी चावली आणि डोळे मिटले. "वाह, बक्षीजी. मिसरी है, मिसरी. और लाल सड़न का क्या?"

"रिपोर्ट में प्रतिरोधी है, सर," मॅडम म्हणाल्या.

झालं तर मग. गप्प राहणार त्या. सुहासनं ताट घट्ट धरलं. एका क्षणाला, खोटं कशाला सांगा, त्याला बरंही वाटलं.

"पर पास करने से पहले," मॅडम पुढे म्हणाल्या, "हमारे केंद्र का एक तरीका दिखाना है. वह रिपोर्ट जिस बीज पर बनी, उसकी पुकार." आणि त्यांनी सुहासकडे बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. त्यांच्या हातात काहीच नव्हतं, नकाशासुद्धा नाही. मराठीत, प्लॉटावर द्यायच्या त्याच आवाजात, त्यांनी हाक दिली.

"रांग सहा. पूर्वेकडून आठवी."

कुणाला काही कळलं नव्हतं. पाचही जण कौतुकानं बघत होते, गावाकडची काही गंमत चालली आहे असं समजून. सुहासला कळलं. त्या स्वतः सांगू शकल्या असत्या. त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याला विचारलं होतं, आणि उत्तर त्याच्यावर सोडलं होतं. तो जो नंबर सांगेल तो आज खरा. एकशे आठ म्हणाला तर टाळ्या, जेवण, वाण पास, मॅडमचा डिसेंबर सुखाचा. रिकाम्या प्लॉटात एकदा म्हणालाच होता, पुन्हा म्हणायला काय लागतं?

त्याला नकाशा दिसत होता, आणि त्यावर सरकणारं मॅडमचं बोट.

"एकशे तेरा," सुहास म्हणाला.

"मोठ्यानं. बांधापर्यंत ऐकू यायला हवं."

"एकशे तेरा!"

"आणि बिल्ला कुठला बांधला?"

"एकशे आठ, मॅडम."

अध्यक्षांचं चावणं थांबलं. "क्या कह रहे हैं ये?" त्यांनी विचारलं. "हिंदी में बताइए."

सुहासनं ताट टेबलावर ठेवलं आणि हिंदीत सांगितलं. पाइप, चिखल, पूर्वेची बाजू, तारेतले बिल्ले, भेरूलालचा लाल ऊस. वही उघडून पुढे केली. बोलताना आवाज फाटत होता, पण तो थांबला नाही. शेवटी म्हणाला, गलती मेरी है, अकेले मैंने काटा. तेवढ्यात मॅडम पुढे आल्या, पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दूसरी आवाज मेरी लिखी है. मैं वहाँ नहीं थी. बिना देखे दस्तखत किया." मग अध्यक्षांच्याच पेनानं आपल्या सहीखाली आजची तारीख घातली, आणि शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं: ११३.

अध्यक्षांनी तोंडातला चोथा कागदात काढून ठेवला. प्रस्ताव फाइलीत परत गेला. चौकशीचं पत्र येईल, असं एक जण हळूच म्हणाला. समिती न जेवता निघाली, आणि पाच माणसांचे दाल-बाफले चौकीदारानं डब्यात भरून घरी नेले.

सुहासनं आधी भेरूलालला फोन लावला. "मत देना बीज," एवढंच म्हणाला. पलीकडून भेरूलाल म्हणाला, "ठीक है बाबूजी. जला दूँगा." शिवी दिली असती तर सुहासला बरं वाटलं असतं.

तो फोन खिशात घालून वळला तर मॅडम व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. समोर एकशे आठचा प्लॉट, दुपारच्या वाऱ्यात सळसळत होता. इतका सुंदर ऊस त्या जमिनीत पुन्हा उगवणार नव्हता, निदान त्यांच्या नोकरीत तरी नाही. सुहास खालच्या पायरीवर बसला. माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते सुचेना.

"आपल्याकडचाही उपटावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "बेट न् बेट. मुळांसकट."

"हो, मॅडम."

"बिल्ले बघून उपटायचा. शेजारचा एकही जाता कामा नये."

"मी करतो, मॅडम. तुम्ही नका थांबू. तुम्हाला बघवणार नाही."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. डोळे लाल होते, पण आवाज रोजचा होता.

"उद्या सातला या," त्या म्हणाल्या. "नकाशा मी धरते."